निंबोळीचं वर्ष

त्या वर्षी आमच्या घरची भाकरी कडू लागायची. हे मी काही अलंकारिक लिहीत नाही; भाकरी खरोखरच कडू असायची, कारण मायचे हात कडू झाले होते. दिवसभर ती निंबोळ्या कुटायची, आणि संध्याकाळी राखेनं, मातीनं, लिंबाच्या फोडीनं हात घासून घासून मग परातीत पीठ घ्यायची. तरी पहिल्या घासाला जिभेच्या मागच्या कडेला ते लागायचंच. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर वांग्याचं भरीत असलं तर कमी लागायचं, नुसतं वरण असलं तर जास्त. मी आणि भाऊ पैज लावायचो, आज आधी कोण तोंड वाकडं करतं म्हणून. आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, कसलीच चव लागायची नाही. आणि नाना, आबांचे थोरले भाऊ, घरातले कर्ते, त्यांना लागत असणार. पण त्या सबंध वर्षात त्यांनी भाकरीबद्दल एक अक्षर काढलं नाही. खाली मान घालून जेवायचे आणि हात धुऊन उठायचे. त्यांच्याबद्दल पुढे जे लिहायचं आहे ते वाचताना एवढं ध्यानात असू द्यावं.

आमचं गाव फैजपूरहून सायकलनं जाण्याएवढ्या अंतरावर. घराच्या मागच्या दारापासून केळी सुरू व्हायची ती पार विहिरीपर्यंत, आणि विहिरीपलीकडे कापसाचा तुकडा. वारा सुटला की केळीची फाटकी पानं दिवसभर एकमेकांवर घासत राहायची. पाहुण्यांना वाटायचं पाऊस आला. आम्हाला तो आवाज ऐकूच यायचा नाही, इतका सवयीचा. त्या वर्षी त्यात मुसळाचा आवाज मिसळला. माय गोठ्याच्या सावलीत उखळ घेऊन बसायची आणि तिचं मुसळ सकाळपासून चालू असायचं. मी शाळेतून येताना तो आवाज वेशीपासून ऐकू आला की माय बरी आहे असं समजायची. का समजायची, तर आदल्या वर्षापासून आमच्या घरात कोण कधी आडवं होईल याचा भरवसा उरला नव्हता.

आदल्या वर्षी कापसाला औषध मारताना आबा शेतातच पडले होते. औषध म्हणजे दुकानातली बाटली. आमच्याकडे विषाला औषध म्हणायची रीत आहे; तेव्हाही होती, आजही आहे. पाठीवरचा पंप गळत होता, सदरा भिजला होता, वारा तोंडावर होता. दवाखान्यातून आबा आपल्या पायांनी चालत घरी आले, म्हणून गावानं नारळ फोडला. मग काही आठवड्यांनी त्यांचे तळपाय बधिर झाले, नंतर हाताची बोटं. चहाचा पेला हातात दिला तर तो गरम आहे की गार हे त्यांना कळेना. ते ओट्यावर बसायला लागले ते बसलेच. चिडले नाहीत, रडले नाहीत. कुणी विचारलं, आबा, कसं वाटतं, तर म्हणायचे, "काही वाटत नही." लोकांना वाटायचं, बरं आहे असं सांगताहेत.

म्हणजे पंप आता भाऊच्या पाठीवर येणार होता. भाऊ माझ्याहून थोरला, मिसरूड फुटलेला, शाळा नुकतीच सोडलेला. कापसाला अळी पडते, अळीला बाटली लागते, बाटलीला पंप लागतो आणि पंपाला पाठ लागते. घरात दुसरी पाठ नव्हती. याबद्दल कुणी काही बोललंसुद्धा नाही, इतकं ते उघड होतं. बोलली ती माय.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माय नानांशी बोलत नसे. भांडण नव्हतं. जेठाशी भावजयीनं तोंड वर करून बोलायचं नाही, अशी आमच्या घरची रीत होती. माय पदर पुढे ओढून चुलीकडे बघत बोलायची, ते मी नानांना सांगायचं, आणि नाना मला सांगतील ते मायला. नाना दोन हातांच्या अंतरावर पाटावर बसलेले असत. त्यांना सगळं ऐकू येत असे. तरी माझ्या तोंडून आल्याशिवाय ते ऐकल्यात धरत नसत. त्यात माय शिरपूरकडची, सातपुड्याच्या पायथ्याची. तिची बोली अहिराणी. 'आहे'ला ती 'शे' म्हणे आणि 'सगळा'ला 'बठ्ठा', त्याला घरात अजून हसायचे, लग्नाला इतकी वर्षं होऊनही. त्यामुळे मी निरोप्याही होते आणि थोडी दुभाषीही.

"नानास्ले सांग," माय चुलीत फुंकर घालून म्हणाली, "मना पोऱ्याना पाठवर ते विख नको."

"नाना, माय म्हणते, भाऊच्या पाठीवर ते विष नको."

"मंग अळी काय हात जोडल्यानं जाईन? तुह्या मायले विचार."

"म्हना, निंबोया कुटीसन फवारसूत. मना माहेरमा तेच मारतस."

निंबोळ्या कुटून फवारू, तिच्या माहेरी तेच मारतात, असं मी सांगितलं. नानांनी भाकरीचा तुकडा मोडला, बराच वेळ चावला. त्या वर्षी कापूस तेवढा एकाच तुकड्यात होता, बाकी सगळी केळी. तो तुकडा गेला तर वर्षाचा कापूस गेला, हे सगळ्यांना माहीत होतं. "ठीक हाये," ते म्हणाले. "एक हंगाम तिच्या हाताचं. नही जमलं तं बाटली, आन बाटली भाऊच मारीन. मंग मले काही सांगाचं नही."

माय चुलीकडे बघून म्हणाली, "बरं." हा एकच शब्द मी पोचवला नाही. तो पोचला होता.

मग उन्हाळा संपता संपता आम्ही गावातल्या प्रत्येक कडुलिंबाखाली फिरलो. पिकून पडलेल्या निंबोळ्या वेचायच्या, गर धुवून टाकायचा, बिया सावलीत वाळवायच्या. उन्हात वाळवल्या तर माय ओरडायची. कापूस गुडघ्याएवढा झाला की बिया कुटून भुगा फडक्यात बांधायचा, रात्रभर पाण्यात ठेवायचा, सकाळी पुरचुंडी पिळायची. दुधासारखं पांढरं पाणी निघे. त्यात रिठ्याचं पाणी घालायचं म्हणजे ते पानाला धरतं. दिवस कलला की भाऊ फवारायला जायचा. पंप तोच, आबांचा, फक्त मायनं तो राखेनं घासघासून धुतला होता. सगळं घर, अंथरुणं, माझं दप्तर, गाईची शिंगंसुद्धा कडू वासाची झाली. शाळेत माझ्या शेजारच्या मुलीनं जागा बदलून घेतली. मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. बाकावर ऐसपैस बसता आलं.

निंबोळीची एक खोड आहे. ती अळीला मारत नाही, निदान लगेच तरी नाही. अळी खायचं सोडते. पानामागे बसून राहते, हलते, जिवंत असते, पण खात नाही. मग हळूहळू वाळत जाते. माय मला रोज शाळेआधी शेतात न्यायची आणि पान उलटून दाखवायची. तिची नजर अशी की बोंडअळीचं अंडं, मोहरीहूनही बारीक, तिला चालता चालता दिसे. "देख," ती म्हणायची, "मरी नही, पन खात बी नही." पानामागे अळीबरोबर मुंग्या असत, कोळी असत, पाठीवर ठिपके असलेला लाल किडा असे. सगळे आपापल्या कामात. नानाही एकदा येऊन पान उलटून गेले. "अळी तं जित्तीच हाये," ते मला म्हणाले. मी मायकडे पाहिलं, आणि तिनं सांगायच्या आत मीच म्हणाले, "नाना, माय म्हणते, ती खात नाही." नाना हसले. त्या वर्षात मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

दोन वर्षांमागे भाची मला जळगावात एका कार्यक्रमाला घेऊन गेली. मी आता मेहरूणला राहते, तलावाच्या अलीकडे. ती म्हणाली, आत्या, चल, तुला आवडेल, वनस्पतीजन्य कीटकनाशकांवर आहे. मोठा हॉल, पंखे, पडद्यावर चित्रं. खादीचा कुडता घातलेला एक तरुण मनुष्य फार चांगलं बोलला. निंबोळी अर्क, दशपर्णी अर्क, मिरची-लसणाचा काढा, एकेकाच्या बाटल्याही लावून ठेवल्या होत्या, लेबलं लावून. तो म्हणाला, झाडपाल्याचं आहे, त्यामुळे माणसाला अपाय शून्य. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाचीनं माझ्याकडे पाहिलं, कारण तिला तिच्या आजीची गोष्ट थोडी ठाऊक आहे. मला उठून बोलता आलं असतं. मी चहा प्यायले. चहा चांगला होता.

त्या वर्षी दसऱ्यानंतर कापसावर मावा पडला, पानांचा रस शोषणारी बारीक कीड. अळीला निंबोळी पुरली, पण माव्यापुढे ती फिकी पडायला लागली. पानं चिकट झाली, मुरडली. नाना शेतातून आले की पाय धुताना कुणाकडेच बघायचे नाहीत. हंगाम संपायला अजून वेळ होता आणि बाटलीची बोली झालेली होती. मायला ते न सांगता कळत होतं. तेव्हा तिला सीताफळ आठवलं.

सातपुड्याच्या पायथ्याला सीताफळाचं रान आहे. तिकडच्या बाया त्या दिवसांत पाट्या भरभरून फैजपूरच्या बाजारात आणत. मायच्या माहेरी सीताफळाच्या बिया वाटून, तेलात कालवून, पोरींच्या डोक्याला लावायचे. उवा एका दिवसात जायच्या. लावताना डोळ्यांवर फडकं घट्ट बांधत, कारण ते डोळ्याला फार वाईट, हे मायला पक्कं ठाऊक होतं. माझ्या डोक्यालाही तिनं एकदा लावलं होतं आणि फडकं इतकं आवळलं होतं की कपाळावर वळ उठला. जे उवेला मारतं ते माव्यालाही मारेल, असा तिचा हिशेब, आणि तो बरोबरच होता. आम्ही पोटं दुखेपर्यंत सीताफळं खाल्ली. बिया एका टोपल्यात थुंकायच्या. त्या वाळल्या, मग मायनं गोठ्यातल्या जुन्या जात्यावर त्या दळल्या.

पिठात काळ्या टरफलाचे तुकडे राहिले. ते पंपाच्या तोंडात अडकतात. निंबोळीचं असं व्हायचं नाही, कारण ती फडक्यातून पिळली जायची. हे मात्र बाजरीच्या कण्यांसारखं दिसत होतं, कोरडं, भरड. आणि कण्यांसारखं काही सुपाजवळ असलं की बाई काय करते? मायनं ते सुपात घेतलं आणि पाखडलं. जन्मभर तिनं ज्वारी, बाजरी, तूर, उडीद, सगळं पाखडलं होतं. हातांनी विचारलंच नाही की सुपात काय आहे. तेलात कालवलेलं तिला ठाऊक होतं. कोरडं ते उडतं, हे तिच्या माहेरी कुणाला कळायची वेळच आली नव्हती.

मी समोर बसून अभ्यास करत होते. सुपाचा आवाज आणि बांगड्यांचा आवाज, एका लयीत. दुपारचा वारा केळीतून आला, सूप वर गेलं, आणि आवाज थांबला. माय सूप खाली ठेवून बसून राहिली. "पानी आन," ती म्हणाली. ओरडली नाही. मी घागर आणली, तिनं ओंजळीनं डोळे धुतले, घागर संपली, मी दुसरी आणली. संध्याकाळपर्यंत डोळे सुजून मिटले आणि पापण्यांतून पाणी येत राहिलं. नानांनी बैलगाडीची वाट पाहिली नाही, कुणाची तरी जीप मागून आणली. फैजपूरच्या डॉक्टरांनी जळगावला पाठवलं. तिथून माय परत आली ती दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून. डॉक्टर म्हणाले होते, एक राहील, दुसऱ्याचं बघू.

मला रडू आलं नाही. मी भाकरी करायला शिकले, कारण कुणीतरी करायला हवीच होती. मुसळ बंद पडलं होतं, आणि शाळेतून येताना वेशीपाशी आता नुसती केळीची पानं वाजायची. मला ती त्या दिवसांत ऐकू यायला लागली. आत कुठेतरी आबांच्या बोटांसारखं झालं होतं. हात लावला तर हात लावल्याचं कळायचं, त्यापुढचं नाही.

नानांनी बाटली आणली. त्यांच्या मनात खुनशीपणा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. मावा वाढत होता, निंबोळ्या कुटायला कुणी नव्हतं, आणि सीताफळाचं टोपलं त्यांनी स्वतः खड्डा खणून पुरलं होतं. "झाडपाल्यानं डोया घेतला," ते आबांना म्हणाले. "बाटलीनं तुहे हात घेतले. आता मी कोनाचं ऐकू?" दुसऱ्या दिवशी आबांनी भाऊला ओट्यावर बोलावलं, आणि ज्या हातांना काही कळत नव्हतं त्या हातांनी त्याच्या तोंडाला फडकं बांधून दाखवलं. गाठ नीट बसेना, मग मी बांधली. "वाऱ्याकडे पाठ करजो," आबा म्हणाले. "पंप गळला का उतरून ठेवजो. बिडी वढू नको." एवढं सलग ते वर्षभरात बोलले नव्हते.

भाऊला पुढे काही झालं नाही. हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा उगाच धास्तावून बसेल. तो आहे, धडधाकट आहे, आपल्या नातवंडांना घेऊन मोटारसायकलवर हिंडतो. त्याला काही झालं नाही म्हणून मायचं म्हणणं चुकीचं होतं, असं त्याचं मत आहे. माझं नाही. यावर आमचं दर दिवाळीला एकदा वाजतं.

माय मधल्या खोलीत पडून असायची. संध्याकाळ झाली की विचारायची, "कापूस कसा शे?" आम्ही म्हणायचो, बरा आहे. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं की तिला कळू द्यायचं नाही. ते आपोआप ठरलं. भाऊ विहिरीवर दोनदा अंग घासून मग घरात यायचा आणि तिच्या खोलीच्या दाराशी थांबायचा नाही. एका संध्याकाळी मी तिला भरवत होते, तेव्हा दारात नाना येऊन उभे राहिले. मला वाटलं, मला हाक मारायला आलेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"कापसाची काळजी नही कराची," ते म्हणाले. "निंबोयीच मारली हाये."

ते मायशी बोलत होते. लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हापासून ते तिच्याशी पहिल्यांदा बोलत होते, आणि खोटं बोलत होते. मायनं सवयीनं तोंड भिंतीकडे फिरवलं, पट्ट्यांवरून पदर पुढे ओढला. थोड्या वेळानं म्हणाली, "नानास्ले सांग, बरं व्हयनं."

"नाना," मी म्हणाले, "माय म्हणते, बरं झालं."

नाना गेले. मायनं उरलेली भाकरी खाल्ली. मी केलेली, जाड, कडेला करपलेली, आणि अजिबात कडू नसलेली. आज वाटतं, तिला तेव्हाच कळलं असणार. ज्या घरात निंबोळी कुटली जाते त्या घरात अशी भाकरी होत नाही. पण ती बोलली नाही, आणि मला तेव्हा ते सुचलं नाही.

पट्ट्या निघाल्या. एक डोळा स्वच्छ झाला, दुसऱ्याच्या बुबुळावर पांढरं फूल पडलं, ते शेवटपर्यंत राहिलं. चालायला लागल्यावर ती पहिल्यांदा गेली ती शेतात. मी बरोबर होते, भाऊ मागून आला. कापूस खरोखर सुंदर दिसत होता, पानं तकतकीत, एक मुरडलेलं नाही. मायनं एक पान उलटलं, चांगल्या डोळ्यापाशी नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. मग ते माझ्यापुढे धरलं.

"पानना मांगे काय शे?"

मी पाहिलं. "काहीच नाही."

"मावा?"

"नाही."

"अळी? नुसती बसेल बी नही?"

"नाही."

"मुंगी?"

मी दुसरं पान उलटलं, तिसरं उलटलं. मुंगी नव्हती. कोळी नव्हता. तो ठिपक्यांचा लाल किडा नव्हता. पानामागे शिरा होत्या, बाकी काही नाही. "नाही," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता मला कळलं की मी काय सांगते आहे. भाऊ विहिरीकडे बघत होता.

मला वाटलं, आता ती बोलेल. भाऊला दोन थपडा देईल, नाहीतर नानांपुढे जाऊन, रीत गेली चुलीत, तोंड वर करून विचारेल. माझी तर तशी इच्छाच होती. मी वाट पाहत होते. मायनं पान सोडलं. ते आपल्या देठावर परत गेलं. ती बांधावरून घराकडे चालायला लागली, एक हात पुढे धरून, कारण एका डोळ्यानं तिला अजून खाचखळगा कळत नव्हता. आम्ही मागून गेलो.

अंगणात आल्यावर ती धुण्याच्या दगडापाशी थांबली. भाऊचा सदरा तिथे माझ्या परकराबरोबर आणि आबांच्या धोतराबरोबर एकाच बादलीत भिजत होता. तिनं वाकून बादलीत हात घातला, चाचपून तो सदरा वर काढला आणि दगडावर ठेवला.

"आजपासून भाऊना सदरा आपला कपडास्मा नको धोजो," ती मला म्हणाली. "येगया धोजो."

मी बरं म्हणाले आणि दुसरी बादली आणली. माझं लग्न होईपर्यंत मी तो वेगळा धुतला. त्यानंतर मायच धुवायची.